आदल्या दिवशीचा केक

ब्रिस्टल,
मंगळवार, १३ मे २०२५

चि. राजश्रीस, जयभीम.

गेल्या वर्षी जयंतीच्या दिवशी गाडीत बसताना तू म्हणाली होतीस, "फोन करू नका पप्पा. काय सांगायचंय ते लिहून पाठवा. आणि नुसतं सॉरी नको. का केलंत ते लिहा." त्याला उद्या तेरा महिने होतील. मी लिहिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणणार नाही. रिटायर्ड माणसाकडे वेळेशिवाय असतं काय?

आज लिहितोय ते मालविकामुळे. परवा रविवारी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात ती भेटली. मैत्रीण तुझी असली तरी माझ्याशी ती अजून बोलते. खीर वाढता वाढता म्हणाली, "काका, तुम्हांला माहीतच असेल ना, राजश्री ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाला मूव्ह होतेय? वीस तारखेची फ्लाइट आहे. फॉर गुड." मी म्हटलं, हो, माहीत आहे. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं की मला काहीही माहीत नव्हतं, कारण नको म्हणत असतानाही तिने मला पुन्हा खीर वाढली.

तेव्हा मुद्दा आधी लिहितो, म्हणजे पुढे काही वेडंवाकडं लिहिलं गेलं तरी तो हरवायचा नाही. वीस ऑगस्टच्या आत मला तुम्हां तिघांना भेटायचं आहे. तुला, तनूला आणि ब्रेटला. हो, ब्रेटलाही. तुझी अट मान्य. का केलं ते लिहितो.

आधी काय घडलं ते क्रमाने. तुम्ही शनिवारी दुपारी मँचेस्टरहून आलात. दुसऱ्या दिवशी हॉलवर ऐंशी माणसं येणार होती आणि या वेळचं गोड मी करणार असं जावईबापूंनी हौसेने सांगून ठेवलं होतं. ब्रेटच्या ऑस्ट्रेलियात, टूवूम्बाला, करतात ते लॅमिंग्टन. म्हणजे केकचे चौकोन पातळ चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात घोळवायचे. केक त्याने वॉर्डवरची नाइट ड्यूटी संपवून शनिवारी सकाळी तुमच्या घरी भाजले. चार ट्रे. त्यातला एक तनूने गाडीत चार तास मांडीवर धरला होता, हेही मला माहीत आहे. बुडवण्या-घोळवण्याचं काम रविवारी सकाळी माझ्या किचनमध्ये व्हायचं होतं.

रविवारी सकाळी मी खाली आलो. मग ब्रेट आला. हसत म्हणाला, "मॉर्निंग, यादव. दॅट्स यस्टर्डेज, मेट. हॅज टु बी स्टेल. द स्टेलर द बेटर." मी एकेक करून चारही ट्रे उचलले, मागच्या दारी गेलो आणि कौन्सिलच्या ब्राउन बिनमध्ये रिकामे केले. आत येऊन त्याला म्हणालो, "इन माय हाउस वी डोन्ट फीड पीपल स्टेल फूड. यू पीपल मे डू इट." तनू जिन्यावर उभी होती. पुढचं तुला माहीत आहे. हॉलवर त्या दिवशी दुकानातली बिस्किटं वाटली.

आता का ते. आपल्या घरात कुणाला शिळं वाढत नाहीत. बाबासाहेबांच्या जयंतीला तर नाहीच नाही. हा तत्त्वाचा प्रश्न होता. माझे शब्द जास्त झाले हे मान्य. तत्त्व बरोबर होतं.

कधी येऊ ते कळव. मला कुठलाही दिवस चालतो.

पप्पा


ब्रिस्टल,
शुक्रवार, ३० मे २०२५

चि. राजश्रीस,

दोन पानी पत्राला तुझी एक ओळ आली: "यू पीपल म्हणजे कोण, असं तनू अजून विचारते. काय सांगू?"

यावर दोन आठवडे विचार केला. मग जे हाताने करता येतं ते करायला घेतलं.

मी तीस वर्षं विमानाच्या पंखांचे भाग तपासले. कुणी कितीही मोठा साहेब येऊन म्हणाला की हे असंच करावं लागतं, तरी आम्ही आधी नमुना घेऊन चाचणी करायचो. म्हणून ठरवलं की ताज्या केकचे लॅमिंग्टन करून बघायचे. जमले तर शिळ्याची गरजच नव्हती, म्हणजे माझंही बरोबर आणि तुझ्या नवऱ्याचे लॅमिंग्टनही शाबूत.

पहिला केक बसला. मी ओव्हनचं दार तीनदा उघडून आत बघितलं होतं. तसं बघायचं नसतं, हे नंतर कळलं. दुसरा चांगला फुगला. गरम असतानाच चौकोन कापले आणि बुडवायला घेतले. पहिल्याचा कोपरा वाडग्यातच राहिला. दुसऱ्याचे मधोमध दोन तुकडे झाले. पाचव्यापर्यंत वाडग्यात चॉकलेट उरलंच नव्हतं, नुसता भुग्याचा लगदा. खोबरंही चुकलं. तिकडे कोरडा, बारीक, पांढराशुभ्र कीस घेतात. मी घरातली वाटी किसली. तिला तेल सुटलं आणि किचनमध्ये वाटणाचा वास यायला लागला.

श्रीनिवास आला होता. दोघांची नोकरी सुटली तरी त्याची शुक्रवारची चक्कर सुटलेली नाही. एक घास घेऊन म्हणाला, "यादव, हा केक आहे की चिखल?"

मी म्हटलं, "ताजा आहे."

"बरं, ताजा चिखल." असं म्हणून तीन खाल्ले. घरी त्याची साखर बंद केली आहे.

त्यानंतर शहाण्यासारखं सगळं वाचून काढलं. ताजा केक मऊ आणि ओला असतो. तो चॉकलेट आत ओढून घेतो आणि कोसळतो. एक दिवस ठेवला की अंग धरतो, वरून सुकतो, आणि चॉकलेट बाहेरच्या बाहेर राहतं. तिकडे शाळेला किंवा क्लबला मदत हवी असली की गावातली माणसं मिळून शेकड्याने लॅमिंग्टन करतात. केक आदल्या दिवशी भाजून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एका लांब टेबलाशी उभं राहायचं. एक जण कापणार, एक बुडवणार, एक घोळवणार. ब्रेटची आजी बुडवणाऱ्यांत होती, असं तो मला कधीतरी सांगत होता. मी तेव्हा बातम्या बघत होतो.

निष्कर्ष: तांत्रिक बाबतीत ब्रेट बरोबर आणि मी चूक. त्याला तसं सांग.

भेटायचं कधी ते तू लिहिलं नाहीस.

पप्पा


ब्रिस्टल,
गुरुवार, १९ जून २०२५

चि. राजश्रीस,

"हे पत्र आहे की इन्स्पेक्शन रिपोर्ट?" हा तुझा मेसेज मिळाला. रिपोर्ट लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही, पण तुझं म्हणणं पोचलं.

आज तनू सात वर्षांची झाली. तिला कार्ड वेगळं पाठवलं आहे. त्यावर मांजर आहे. मला मांजरं आवडत नाहीत, पण वाढदिवस माझा नाही.

तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला ब्रेटने फेअरी ब्रेड केला होता, आठवतं? पांढरा ब्रेड, त्यावर लोणी, त्यावर रंगीबेरंगी साखरेचे बारीक दाणे, आणि मग त्रिकोण कापायचे. झालं. तुझी आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली होती, "अहो, याला स्वयंपाक म्हणतात? एवढा मोठा बाप्या आणि कौतुक करून घेतोय." मग तिनेच चार त्रिकोण खाल्ले आणि दोन पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकले. ब्रेटने ते बघितलं आणि निघताना तिच्या हातात अख्खा डबा दिला. तिला तो फार आवडायचा. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण ती गेल्यावर या घरात त्याची बाजू घेणारं कुणी उरलं नाही.

आज मी दोन स्लाइस केले. दाणे सगळ्या फरशीवर सांडले आणि मोज्यांना चिकटून जिन्यावरून वरच्या खोलीपर्यंत गेले. खाल्ले. ठीक होते.

मागचा वाढदिवसही असाच गेला. तेव्हा मी काही केलं नव्हतं. या वेळी घर फार रिकामं वाटलं. हे रिपोर्टात बसत नाही, म्हणून वेगळं लिहितो.

पप्पा


ब्रिस्टल,
रविवार, ६ जुलै २०२५

चि. राजश्रीस,

तनूचा आवाज ऐकला. कार्डाबद्दल थँक्यू म्हणणारा तिचा व्हॉइस मेसेज तू पाठवलास, मी तो बऱ्याच वेळा लावला. "आजोबा, तुमची मांजर क्यूट आहे." मांजर माझी नाही, कार्डावरची आहे, हे तिला सांगायची गरज नाही.

आता सहा आठवडे उरले. शिळ्याबद्दल नीट लिहितो.

आपल्या लोकांना गावात ताजं वाढत नसत. दिवसभर गावाची कामं करायची, सरपण फोडायचं, मेलेलं जनावर ओढायचं, निरोप घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी पळायचं. याचा मोबदला काय, तर घरोघर मागून आणलेल्या भाकरीचे तुकडे. तेही सकाळचे, नाहीतर कालचे. ताजी भाकरी त्या घरात असायची, तिचा वास बाहेर यायचा, पण ती आपल्यासाठी नसायची. बाबासाहेबांनी सांगितलं हे सोडा, आणि लोकांनी उपाशी राहून ते सोडलं. त्या माणसाच्या जयंतीला आपणच ऐंशी लोकांना शिळं वाढायचं, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. ब्रेट परका माणूस. त्याला यातलं काय माहीत असणार? त्याचा दोष नाही. पण माझाही राग समजून घ्या, एवढंच म्हणणं आहे.

हे वाचल्यावर तुझं समाधान व्हावं. पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या शनिवारी येऊ शकतो.

पप्पा


ब्रिस्टल,
गुरुवार, १७ जुलै २०२५

राजी,

तुझा मेसेज आला. या वेळी एक ओळ नव्हती. मी तो कागदावर उतरवून घेतला आहे, कारण फोनवर वाचताना माझं बोट लागून तो सारखा वर सरकत होता.

"पप्पा, हे तुम्ही दर वर्षी भाषणात सांगता. ब्रेट परका नाही. त्याने ते भाषण दोनदा ऐकलंय, मी शेजारी बसून ट्रान्सलेट केलंय. म्हणूनच तर केक भाजायच्या आधी त्याने मला विचारलं होतं, तुझ्या डॅडना चालेल ना, हा एक दिवस जुना लागतो? मी म्हटलं, डोन्ट वरी, मी पप्पांना आधीच सांगून ठेवते. आणि मी विसरले. मी विसरले म्हणून त्याला ते ऐकून घ्यावं लागलं. तो मला एकदाही काही बोलला नाही. मला तुमच्यापेक्षा माझाच राग येतो. तुमच्याशी बोललं की तो येतो, म्हणून बोलत नाही."

तू हे मनात धरून बसली असशील असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावली आहेस. ते मला सोसत होतं. हे सोसत नाही. तू सांगितलं असतंस तरी मी ते ट्रे रिकामे केले असते. का, ते आता खरं लिहितो. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलं नव्हतं.

सोलापूरकडच्या आमच्या त्या वस्तीत भाकरी मागायची पाळी घराघरावर फिरायची, हे सगळं भाषणात आहे. भाषणात नाही ते असं. माझी आई उरलेले तुकडे उन्हात वाळवायची. पंधरा दिवसांतून कधीतरी गुळाचा खडा मिळाला की गुळाच्या पाण्यात ते शिजवायची. वाळलेले असल्यामुळे ते विरघळायचे नाहीत. मऊ व्हायचे, गोड व्हायचे, आणि चावताना आतून गरम गुळाचं पाणी सुटायचं. मी त्या दिवसाची वाट बघायचो. मी खाल्लेलं पहिलं गोडधोड ते. मला ते फार आवडायचं.

छप्पनच्या धर्मांतरानंतर वस्तीने ठराव केला. गावकीची कामं बंद, मागणं बंद. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. पुढचे काही महिने फार वाईट गेले. मी सात वर्षांचा होतो. मला भूक कळत होती, ठराव कळत नव्हता. एका दुपारी मी कुणाला न सांगता एकटा गावात गेलो. आई जिथे उभी राहायची त्या दारापासून तेवढ्याच अंतरावर उभा राहिलो आणि ती द्यायची तशी हाक दिली. घरातली बाई बाहेर आली. मला ओळखून हसली. आत जाऊन अर्धी भाकरी आणली आणि वरून माझ्या हातात टाकली. मी पळत घरी आलो. आईला म्हटलं, आता फक्त गूळ आण.

आप्पा घरात होते हे मी बघितलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून भाकरी घेतली आणि बाहेर कुत्र्यापुढे टाकली. मला मारलं नाही. उंबऱ्यावर बसले आणि रडले. आप्पांना मी त्याआधी आणि त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही. दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं होतं की ठराव पहिल्यांदा मोडला तो आप्पांच्याच पोराने.

आम्हांला शिळं वाढलं याची लाज वाढणाऱ्यांना वाटायला पाहिजे. हे मी माइकसमोर उभा राहून अनेकदा बोललो आणि ते खरं आहे. माझी लाज वेगळी होती. मला ते आवडायचं. सगळे सोडत होते तेव्हा मी ते मागून आणलं. अडुसष्ट वर्षं झाली.

आता चौदा एप्रिल. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी खाली आलो, मग ब्रेट आला. मधली पाच मिनिटं गाळली होती. खाली आल्यावर मी ट्रेवरचं फडकं उचललं. केकचा एक कोपरा मोडून तोंडात टाकला. कोरडा होता, गोड होता. चहाबरोबर दुसरा मोडला. छान लागत होता. मी तिसऱ्याला हात घातला, तेवढ्यात ब्रेट आला आणि म्हणाला, कालचा आहे, शिळाच लागतो. माझ्या तोंडात घास होता. तो हसत होता. तो बिचारा नेहमीच हसतो, त्यात वाईट काही नव्हतं. पण मी मुलासारखा चोरून खाताना पकडला गेलो होतो, हातात शिळं होतं आणि समोर हसणारं माणूस होतं. पुढचं माझ्याकडून झालं. तत्त्व वगैरे मी मागाहून शोधलं.

आप्पांनी उपाशी घरातली अर्धी भाकरी टाकली. त्याला छाती लागते. मी भरल्या घरातले चार ट्रे टाकले. ते कुणालाही जमतं.

तनूला सांग, यू पीपल म्हणजे कुणी नाही. आजोबांना स्वतःबद्दल बोलता येत नव्हतं, म्हणून ते तुझ्या डॅडींबद्दल बोलले. ब्रेटला हे पत्र वाचून दाखव. तू ट्रान्सलेट करशील तेव्हा काही सौम्य करू नकोस. आणि तू काही विसरली असशील तर ते विसरणं साधं होतं, रोज होतं तसलं. त्याचा माझ्या वागण्याशी संबंध नाही.

मी चुकलो, राजी. मला त्याचं फार वाईट वाटतं. कधी येऊ ते या वेळी विचारत नाही.

पप्पा


ब्रिस्टल,
मंगळवार, २९ जुलै २०२५

चि. राजश्री, चि. ब्रेट,

अकरा दिवस काही आलं नाही. मी धरून चाललो होतो की आता येणार नाही. पोस्टमन दिसला की मी दार उघडायचो, खरं तर तुझं उत्तर फोनवर येतं हे माहीत असून. काल श्रीनिवास आला तर त्याच्यावर उगाच खेकसलो. तो म्हणाला, "तुला काय झालंय?" मी त्याला सगळं सांगितलं. भाकरीचंही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "यादव, आपण तीस वर्षं एकत्र डबा खाल्ला." बस, एवढंच म्हणाला आणि चहा टाकायला उठला. माझ्याच किचनमध्ये त्याला साखर सापडत नव्हती.

तुझा मेसेज आला तेव्हा तो इथेच होता. "शनिवारी या. ब्रेट शुक्रवारी केक भाजतोय." मी वाचला आणि फोन श्रीनिवासकडे दिला, कारण चष्मा असूनही मला नीट दिसत नव्हतं. त्याने मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाला, "शुक्रवारी भाजतोय आणि शनिवारी बोलावलंय. समजलं ना तुला?" मी म्हटलं, मला समजतं, मी इंजिनियर आहे.

मला समजलं, राजी. ब्रेटला सांग, समजलं. ट्रे किती करायचे ते तो ठरवेल. मला बुडवायला दिलं नाही तरी चालेल, माझा हात जड आहे. घोळवायचं काम मी करीन आणि तनूला शेजारी स्टूल द्या.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू लिहायला सांगितलं होतंस, म्हणून शेवटपर्यंत लिहूनच सांगतो. फर्स्ट क्लास स्टॅम्प लावला आहे. उद्या, फार तर परवा तुझ्या हातात पडेल.

एक गोष्ट राहिली. ट्रेनचं तिकीट मी अजून काढलेलं नाही. शनिवारी सकाळी निघालो तर दुपारपर्यंत पोचतो आणि काम वेळेवर होतं. बोलावलं त्या दिवसाच्या आधी मी आजवर कुणाच्या दारात गेलेलो नाही, तुझ्याही नाही. पण ब्रेट केक भाजेल तेव्हा मला तिथे असायचं आहे. तो ओव्हनमधून बाहेर येईल, तुम्ही तो झाकून ठेवाल, घरातली सगळी झोपायला जातील आणि सकाळी उठून त्यालाच हात लावतील. त्या घरात त्या रात्री मला असायचं आहे.

शुक्रवारी येऊ का? सोफ्यावर झोपेन. नाही म्हणालात तर शनिवारी येईनच, राग नाही. पण शुक्रवारी ठेवून घ्याल का? मी मागतोय.

पप्पा